खसखशीच्या दाण्यांचा दगड

बुढापारा, रविवार, दिवेलागणीनंतर

नवं राज्य झालं अन् यांच्या खनिज ऑफिसात भोपाळहून नेहा मॅडम बदलून आल्या. तेव्हापासून घरात दगडाशिवाय गोष्टच नाही.

आज त्या चहाले आल्या, खदानीतल्या चुनखडीचे नमुने घेऊन. एक जांभळट, एकात कांद्यासारखे पापुद्रे, एक नुसता करडा. मले तर सगळा चुनाच दिसते.

मी पोहे घेऊन बाहेर आली, तर मॅडम तो करडा दगड चाटून राहिल्या होत्या. ओला केला की आतले दाणे दिसतात म्हणे. "सर, देखिए, बिल्कुल खसखस जैसे!" यांनी घेतला अन् तसाच चाटला. तसाच! पुसलाही नाही.

या माणसाले उष्टं चालत नाही. लग्न झाल्यापासून माझ्या ग्लासातलं पाणी प्याले नाहीत. आपल्याच पोट्टीनं चावलेला पेरूही खात नाहीत.

मॅडम गेल्यावर विचारलंच, "तिचं उष्टं कसं चाललं?"

हसले. "अवं, दगडाचं कुठं उष्टं असते का? कामच आहे ते आमचं."

खरंच असेल. मग मले काहून एवढं लागून राहिलं?

हे पेपर वाचत होते. मॅडम नमुने इथंच ठेवून गेल्या होत्या; मी तो करडा दगड उचलला अन् चाटला. चव काहीच नाही, पण दाणे दिसले, बारीक, गोल. इतकं बरं वाटलं मले! "पाहा ना, खसखस," म्हणत यांच्या हातात दिला.

यांनी घेतला. आधी शर्टाले पुसला, मग चाटला.