प्लॅस्टिकची मान आणि मे महिन्याचं ऊन

शनिवार पेठ, पुणे

तीर्थस्वरूप आप्पासाहेब भाऊजी यांस,

गोपाळकृष्णाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा तो उभ्यानेच घातला असं समजावं). नाशिकला उकाडा कसा आहे? आपले गुडघे काय म्हणतात? कौशल्याक्काचा रक्तदाब उतरला, की अजून आपल्यावरच चढतो आहे? आम्ही उभयता मजेत. फोनच केला असता, पण अक्का तो स्पीकरवर टाकून अख्ख्या घराला ऐकवते, आणि विषय नेमका तिच्यापासून लपवायचा. म्हणून हा पत्रप्रपंच.

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, आमच्या गच्चीवर, अक्काला पत्ता लागू न देता आपली जुनी, बिघडलेली गिटार दुरुस्त करून काढायची आणि साखरपुड्यानंतर तिला ऐकवलेली तीच धून पुन्हा वाजवायची, हा आपला बेत ऐकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘द्या इकडे, चुटकीसरशी करतो!’ (हेच वाक्य मी आमच्या मिक्सरला उद्देशून बोललो होतो. हिने त्यात आता तुळस लावली आहे.)

पेटीचा भाता असो की सतारीची खुंटी, लाकडात माझा हात बसलेला. पण ही गिटार पडली नखशिखांत प्लॅस्टिकची! मान साच्यातून ओतलेली, बोटांखालचे पडदेसुद्धा त्याच ओतणीतले, म्हणजे झिजला पडदा की उपटून नवा बसवायची सोय नाही. लाकडी मानेत लोखंडी सळई असते, ती पिळली की बाक निघतो. इथे सळईच नाही. तारांनी इतकी वर्षं ओढून मान पुढे वाकवलेली, केळ्यासारखी. लक्ष्मी रोडवरच्या दुकानदाराने गिटारची पेटी उघडून पाहिली आणि मिटून म्हणाला, ‘आजोबा, ही बादलीच्या जातीची आहे. तुळशीबागेत विचारा.’

मी इरेला पेटलो. मानेच्या बुडाशी तडा होता, त्यात प्लॅस्टिक जोडायचं औषध सोडलं आणि अंगठ्याने दाबून धरलं. त्या औषधाने प्लॅस्टिकच विरघळतं हे मला नंतर कळलं. तडा सांधला, पण माझा अंगठा मानेवर कायमचा उमटला. (आधारच्या यंत्रावर जो चार खेपा घालून उमटला नाही, तोच.)

राहिला बाक. हिचं वाळवण गच्चीत पडलंच होतं. म्हटलं, उन्हाने कुरडई कडक होते तर प्लॅस्टिक मऊ होईल. मान उलटी ठेवली, वर पाटा ठेवला आणि जेवून जरा पडलो. जाग आली तेव्हा बाक निघून गेला होता आणि मागच्या बाजूने परत आला होता! आता तारा पडद्यांवर लोळू लागल्या, वाजवावं तर डबड्यात गांधीलमाशी अडकल्यासारखा आवाज. ही म्हणाली, ‘अहो, माझ्या कुरडया तेवढ्या सरळ ठेवा हं!’

तर भाऊजी, आपण निर्धास्त यावं. गिटार वाजते, आणि गोड वाजते. मी स्वतः काल वाजवून पाहिली तेव्हा हिचे डोळे पाणावले (कांदा चिरत होती, पण वेळ जुळली हे महत्त्वाचं).

आपला,
गोपाळकृष्ण

ता. क. एक बारीकशी गोष्ट राहिली. ऊन डोक्यावर असलं की मान सैलावते आणि तारा तिला ओढून सरळ करतात. ऊन उतरलं की ती पुन्हा मागे जाते. म्हणजे ही गिटार दुपारी एक ते चारच वाजते. तेव्हा संध्याकाळचा कार्यक्रम भर दुपारी गच्चीवर ठेवावा, ही कळकळीची विनंती. खालच्या मजल्यावरचे सर्जेराव म्हणाले, ‘काका, एक ते चार पुण्यात चोरसुद्धा झोपतात. पाहुणे कुठून आणणार?’ पण ऐकणारी आली म्हणजे झालं.

ता. क. दुसरा. अक्के, भाऊजींच्या नावाचं पाकीट तू आधी फोडतेस हे मला पन्नास वर्षं ठाऊक आहे, तेव्हा पत्र खरं तुलाच आहे. दुपारचा हट्ट तू धर, ते माझं ऐकायचे नाहीत. टोपी घालून ये. आणि त्यांनी गिटार काढली की दचकून दाखव. तेवढ्यासाठी त्यांनी महिनाभर दार लावून उसन्या गिटारवर सराव केलाय म्हणे. तो तुला ऐकू आलेला नाही, कळलं?