लालमियाँची पाळी

सिकंदराबाद

चि. बद्रीनाथास दादाचा आशीर्वाद.

माझी तब्येत बराबर आहे. आपल्या विहिरीच्या सामाईक इंजिनाचा वॉल्व मिस्त्रीनं दोनदा चुकीचा घडवला, मी दोनदा परत केला. आता केसभर फरक न्हाई.

पण तुझं पत्र वाचून डोकं तापलं. इंजिन दुरुस्त होईस्तोवर विहिरीवर मोट धरायची, पाण्याच्या पाळ्या जुन्याच, असं चौघा वाटेकऱ्यांचं ठरलं होतं ना? लालमियाँ इथं माझ्यासोबत मिस्त्रीच्या भट्टीपाशी बसून राह्यलेत, आणि तू त्यांची पाळी आपल्या मिरचीला लावलीस? वर लिहितोस, "मालकच गावात न्हाई, मंग पाणी कुणाला देऊ?" त्यांचा गहू काय त्यांनी इथं आणून पेरलाय?

पत्र मिळताच त्यांच्या घरून रहिमुन्निसाभाभींना बोलावून पाणी दे. तोवर वॉल्व माझ्या पिशवीतून निघणार न्हाई.

लालमियाँनी तुझं पत्र वाचून दाखवायला सांगितलं. मी फक्त आईची खुशाली वाचली.

तुझा दादा,
धर्मराज