व्याह्यांच्या तलावाखालचा झरा

रविवार, संध्याकाळ. छत्रीबाग.

आज सांवेरकडे व्याह्यांच्या फार्महाउसवर जाऊन आलो. पाहुण्यांना बोटीत फिरवायला त्यांनी नाल्यावर मातीचा बांध घालून छोटा तलाव केलाय. बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपतं. "झरा लागलाय, इंजिनिअर साहेब, एकदम मीठा पानी!" म्हणत त्यांनी मला एक बाटली भरून दिली.

पाणी स्वच्छच दिसलं. स्वच्छ झिरपलं तर चालतं, माती घेऊन आलं तर बांध आतून पोखरतोय, हे मी नोकरीभर दुसऱ्यांना शिकवलं. म्हणून म्हणालो, "बढिया आहे. काळजी नको."

आता बाटली टेबलावर आहे आणि तळाशी मातीचा पातळ थर बसलाय. ही बांधातली माती, की बाटली बुडवताना खरवडलेली? नीट बघायला म्हणून बाटली हलवली, तर सगळंच गढूळ झालं. काय मी पण!

फोन करून तलाव रिकामा करा म्हणू? लेकीचं सासर आहे. दुपारी बढिया आणि संध्याकाळी धोका? आणि माझीच चूक निघाली तर?

पण त्यांच्या चौकीदाराची बायको... झोपडी बांधाच्या खालीच आहे तिची, याच झऱ्याचं पाणी भरते. मला पाणी देताना म्हणाली होती, "पहले मटका साफ रहता था साहब, अब रोज नीचे से मिट्टी निकालती हूँ."

मी हसून म्हणालो होतो, "नया मटका ले लो."