सापळ्याच्या दोन कमानी

मी तोदोसिया, गाव्रिलाची विधवा, राहणार वालेनी, डोंगराच्या उजव्या अंगाला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाचा धाक नसताना आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. शाळा मी दोनच हिवाळे केली, तेव्हा अक्षर गोड मानून घ्यावं. आज मन फार खुशीत आहे. कारण पुढे येईल.

एक. घर, गोठा आणि लाल गाय माझे दोन नातू सिमिऑन आणि पिंत्या यांना निम्मी निम्मी. दोघे चुलतभाऊ. बांधावरून त्यांचं बोलणं बंद होतं, म्हणून बांध कोणालाच देत नाही. त्यावरच्या अलुबुखारांची दारू दोघांनी मिळून गाळावी, नाहीतर फळं डुकरांना घालावी.

दोन. मेंढीच्या कातड्याचा कोट कोणालाही द्या, पाद्रीच्या बायकोला नको. माझ्या नवऱ्याला पुरताना ती म्हणाली, "अस्वलांचा शाप लागला." शाप कसला? माणूस एकटा होता.

तीन. अस्वलाचा सापळा. त्याला दोन बाजूंना दोन ताणाच्या पोलादी कमानी आहेत. एकाने एकीवर उभं राहून ती दाबायची, दुसऱ्याने दुसरी, तेव्हा जबडा उघडतो. गाव्रिला आणि त्याचा धाकटा भाऊ इलारी मिळून तो लावायचे. मग एका अस्वलाच्या कातड्यावरून दोघांचं फाटलं. गाव्रिलाने एक कमान दाबून पट्ट्याने बांधली, दुसरीवर उभा राहिला, वाकून आमिष ठेवू लागला. पट्टा सुटला. दोन्ही हात आत गेले.

तो ओरडला. समोरच्या उतारावर इलारी लाकडं तोडत होता. रोज हा इथून शिव्या द्यायचा, तो तिथून परत करायचा. त्या दिवशीही इलारीने उलटून चांगल्या दोन शिव्या हासडल्या आणि कुऱ्हाड चालवत राहिला. आम्ही पोहोचलो तेव्हा गाव्रिलावर बर्फ साचलं होतं.

गेल्या वर्षी पानगळीत सिमिऑन तोच सापळा एकटा घेऊन गेला. मी नको म्हटलं तर म्हणाला, "आजी, तू विणकाम बघ." पाय अडकला. ओरडला. पिंत्याला वाटलं, आईवरून शिव्या देतोय. पण हा पोरगा लांबून उत्तर देणारा नव्हे. काठी घेऊन बदडायला निघाला, आणि तिथे काठी टाकून एका कमानीवर उभा राहिला, दुसरीवर सिमिऑनने मोकळा पाय रोवला. पाऊल गेलं, पोर राहिलं. आज पिंत्याने कोरलेलं लाकडी पाऊल दोघे माझ्या अंगणात बसवत होते.

"तिरकं बसलंय, गाढवा."

"तुझा पायच तिरका होता."

मी आत बसून ऐकलं. म्हणून खुशी.

लोहाराकडून कमानी काढून घेतल्या आहेत. डावी सिमिऑनला, उजवी पिंत्याला. जबडा खुंटीला राहील.

चार. इलारीला काही देत नाही. म्हणूनच तो साक्षीदार चालतो, असं मास्तर म्हणाले. गाव्रिला गेल्यापासून तो रोज संध्याकाळी समोरून हाक मारतो, "वहिनी, आहेस की गेलीस?" मी म्हणते, "तुला पुरून मग जाईन, मेल्या." मी गेल्यावरही तो हाक मारील, सवय आहे. दोघा नातवांपैकी जो घरी असेल त्याने उत्तर द्यावं. शिवी दिली तरी चालेल, पण उतार ओलांडून, त्याच्या दारात जाऊन द्यावी.

तोदोसिया

साक्षीदार: मास्तर नेकुलाय, सही.
इलारी, डाव्या हाताचा अंगठा.

वालेनी, संत दुमित्रूच्या सणाच्या आदल्या दिवशी, १९३४.