सोनीचं वजन

३ डिसें.
सोनी १३१० ग्रॅम. परत वजन केलं, तेच. ती डब्यात, डबा किचनच्या काट्यावर. दादाने ही अजगराची मादी बोटाएवढी असताना आणली, त्याला चौथं वर्ष. परदेशी जात, कागदपत्रं त्याच्याच नावावर. आता त्याचं लिव्हर गेलंय. डॉक्टर पुढच्या हिवाळ्याबद्दल बोलतच नाहीत. त्याला तिची पिल्लं बघायचीत. पलंगावरून विचारलं, "किती भरली?"
"१४५०," म्हणाले मी.

१२ डिसें.
उरणहून संतोष आला. दादाचा मित्र, तोही साप पाळतो. सोनीचं पोट बोटांनी चाचपलं. "आत अंडी मन्यांसारखी लागतात, पन ही बारीक हाय. पंधराशे ग्रॅमच्या आत नर लावायचा नाय, ताई. अंडं अडाकलं त जीव जाईल तिचा."
"पुढच्या वर्षी दादा नसेल रे."
त्याने सोनीला अलगद टबात सोडलं. मग, "नर आनून देतो. लावायचा का नाय, तुमी ठरवा."

२१ डिसें.
उंदीर खाल्ला नाही. दिवसभर पाण्याच्या भांड्याला वेटोळं. दादा म्हणायचा, मादी तयार झाली की असं करते. आजारी पडली तरी असंच करते, हेही तोच म्हणायचा. १३४०. आज देवापुढे सापाचं वजन मागितलं. हसू आलं, मग रडू.

४ जाने.
नर आला. वेगळ्या टबात ठेवलाय. दादाला कळलंच. "काटा इथे आण. माझ्यासमोर कर."
१३५५.
"सुमे, खोटं का बोललीस?"
"तुझ्यासाठी."
"माझ्यासाठी तिला मारणार?"
भिंतीकडे तोंड करून पडला. जेवला नाही.

११ जाने.
दादा ॲडमिट. पोटात पाणी. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "लावलास नर?"
"नाही रे."
डोळे मिटले. हायसं वाटलं की खचला, कळलं नाही. माझा हात मात्र सोडला नाही.

१३ जाने.
१३७०. अंगावर तेज आलंय, की मलाच दिसतंय? संतोषचा फोन, नर न्यायला उद्या येतो. "अजून चार दिवस राहू दे," पटकन बोलून गेले.
"लावला का, ताई?"
नाही म्हणाले. खरंच नाही लावला अजून.
हॉस्पिटलला न्यायचे कपडे भरून झालेत. दुपारपासून सोनीचा आणि नराचा टब शेजारी ठेवलेत, आणि मी निघायचं सोडून इथेच बसलेय, एक हात नराच्या टबाच्या झाकणावर.