हाताच्या अंतरावरचा चेहरा

प्रिय भिंगरी,

तुझ्यासाठी लेन्स घेतली. वाइड अँगल. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे निदान पत्राची सुरुवात तरी तुला आवडेल.

गेल्या महिन्यात मी विचारलं होतं, तुझ्या प्रवासाच्या व्हिडिओत तुझं तोंडच का दिसतं, तू बसली आहेस कुठे ते का दिसत नाही? तू म्हणालीस, आई, हात लांब करून कॅमेरा धरला की या लेन्समध्ये एवढंच मावतं. वाइड अँगल लागते, पण चांगल्या असतात त्या महाग, आणि जड इतक्या की दिवसभर धरून मनगटाचा भुगा होईल. दोनच अडचणी सांगितल्यास. मी त्या कागदावर लिहून घेतल्या, तुझ्या कॅमेऱ्याचं रिकामं खोकं माळ्यावरून काढलं, त्यावरचं नाव आणि नंबर उतरवून घेतला, आणि दुकान गाठलं.

दुकानदार माझ्याच वयाचे. चष्मा कपाळावर चढवलेला आणि टेबलावर तोच शोधत होते. मी बोट दाखवलं तेव्हा कुठे सापडला. त्यांनी पहिल्यांदा एक भली थोरली लेन्स समोर ठेवली. म्हणाले, ताई, ही न्या डोळे झाकून. मी म्हटलं, डोळे झाकून कशाला, बघायलाच घेतेय ना? तेव्हा हसले, स्टूल पुढे सरकवला आणि नीट समजावून सांगायला लागले. लेन्सवरचा आकडा जितका लहान तितकं जास्त दिसतं. चालताना चित्र हलू नये म्हणून कॅमेरा कडा थोड्या कापतो, म्हणून वाटतं त्याहून जरा जास्तच रुंद घ्यायची. दृश्य जवळ-लांब करणारी लेन्स जड असते, एकाच आकड्याची हलकी. एक फारच स्वस्त होती, पण चेहरा स्पष्ट दिसायला तिचं कडं हाताने फिरवावं लागतं. मी म्हटलं, मुलगी एकटी असते, बोलेल की कडं फिरवेल? ती बाजूला ठेवली. शेवटी एक छोटी, प्लास्टिकच्या अंगाची निघाली. तळहातावर घेतली आणि म्हटलं, दीडशे पानं, साधा पुठ्ठा. ते बघतच राहिले. एकतीस वर्षं बाइंडिंगची पुस्तकं उचललीत, हात चुकत नाही. त्यांनी काट्यावर टाकली, एकशे ऐंशी ग्रॅम भरली. किंमतही झेपणारी. तुझ्या दोन्ही अडचणी मिटल्या.

आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात मी आता रोज दोन तास बसते. घड्या घालते, शिवते. कापायच्या मशीनला अजून हात लावत नाही, ते बाबांचं. तुला ठाऊक आहे, लग्न होऊन आले तेव्हा मला धड वाचताही येत नव्हतं. सोळा-सोळा पानांचे सुटे फर्मे घडी घालता घालता मी वाचायला शिकले. कितीतरी गोष्टींचा शेवट मला आधी कळला आणि सुरुवात आठवड्याने. बाबा म्हणायचे, हिला सस्पेन्स ठाऊकच नाही. पण त्यामुळे एक झालं. चुकीच्या फर्म्यातलं पान आत शिवलं गेलं तर माझ्या बोटांना ते कळतं. कागद तोच असतो, छपाई तीच, तरी कळतं.

तर दुकानदारांनी आधी तुझ्याकडे आहे तसली लेन्स कॅमेऱ्याला लावली, मला हात लांब करायला लावला आणि समोर उभे राहिले. पडद्यावर फक्त त्यांचा चेहरा, अगदी फोटो काढायला बसल्यासारखा. मग नवी लावली. ते तिथेच उभे होते, मीही हललेली नव्हते. पण आता गळक्या छताखाली ठेवलेली बादली दिसली, अर्धा खाल्लेला डबा दिसला, दुरुस्तीला आलेल्या कॅमेऱ्यांचा ढीग आणि खुर्चीवर टाकलेला टॉवेल. ते ओशाळून म्हणाले, ताई, हिच्यापुढे पसारा लपत नाही बरं का.

आणि मला तुझ्या मागची भिंत आठवली.

डोंगराच्या व्हिडिओत डोंगर आहे, तळ्याच्या व्हिडिओत तळं, पण त्यात तू नाहीस. तू बोलायला लागलीस की मागे भिंत. म्हणतेस, आज या गावच्या लॉजवर उतरलेय, काल त्या गावच्या होते, परवा तिसऱ्याच. पण भिंतीवरच्या बटणांच्या पट्टीचा डावा कोपरा तिन्ही गावांत तुटलेला आहे, आणि तिन्ही ठिकाणी पडद्याची एक कडी निसटून लोंबतेय. घरी येऊन सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. मग तुझ्या मैत्रिणीला फोन केला, तुझ्या खोलीच्या खालच्या मजल्यावर राहते तिला. ती आधी म्हणाली, काकू, ती फिरतीवर आहे. मी म्हटलं, बाळ, तू पण? तेव्हा तिला रडू आलं आणि तिने सगळं सांगितलं. बाबा गेल्यापासून तू कुठेच गेलेली नाहीस. सात महिने. जुन्या प्रवासांतली चित्रं जोडून पाठवतेस. जेवण ती वर आणून देते, ते कधी खातेस, कधी नाही. आणि तिला म्हणालीस, आईला वाटू दे मी फिरतेय, तेवढ्यावर ती जगतेय.

तिच्यावर चिडू नकोस. मीही तुझ्यावर चिडलेली नाही, आणि चिडायचा मला अधिकारही नाही. खरं तर मी लेन्ससाठी पत्र लिहायला बसलेच नाही. कॅमेरा चेहऱ्याजवळ धरून बाकीचं लपवायचं हे तुझ्याआधी मी केलंय. तू परत आलीस तेव्हा विचारलं होतंस, आई, असं कसं झालं? मी म्हटलं, अचानक. ते अचानक नव्हतं, भिंगरी. बाबा एकोणीस दिवस दवाखान्यात होते. तुझं पहिलं मोठं काम होतं, तू लांब डोंगरात होतीस. ते म्हणाले, तिचं काम होऊ दे, सांगू नकोस. मी ऐकलं. तुझा व्हिडिओ कॉल आला की मी त्यांच्या नाकाची नळी काढायची, उशी सरळ करायची आणि फोन इतका जवळ धरायची की कपाळ ते हनुवटी एवढंच दिसावं. सिस्टर रोज ओरडायची. तू हसलीस एकदा, बाबा, जरा लांब धरायला सांगा आईला, नाकातले केस मोजता येतायत! तेही हसले. फोन ठेवल्यावर त्यांना किती वेळ धाप लागली होती ते मी तुला कधी सांगितलं नाही. शेवटच्या दोन दिवसांत ते म्हणाले, आता बोलाव. मी म्हटलं, उद्या बरं वाटेल, मग बघू. तो उशीर त्यांचा नाही, तुझा तर नाहीच. माझा आहे. तू ते ओझं घेऊन त्या खोलीत बसली असशील, तर खाली ठेव, ते तुझं नाही. माझ्यावर राग येईल तो सगळा येऊ दे. मी शुक्रवारी दुपारच्या बसने येतेय, पत्ता मैत्रिणीने दिलाय. खोली आवरू नकोस. दार उघडावंसं वाटलं नाही तर नको उघडूस, मी जिन्यात बसेन. वाचायला जाडजूड पुस्तक घेतलंय, आणि या वेळी सुरुवातीपासून वाचणार आहे.

तुझीच,
आई