पास कुणाला देऊ?

बाबा, कालपासून जिवाला चैन नाही. तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार नाही, म्हणून ऑफिसचं घरी आणलेलं काम बाजूला सारून लिहायला बसलेय. अमेरिका हरली! तुमची अमेरिका, जिथे कुणा मास्तरने भिंतीला पीच फळांच्या टोपल्या ठोकून बास्केटबॉलचा हा खेळ काढला, तीच. नागपूरला शाळेच्या ग्राउंडवर कोचिंग करताना तुम्ही ती गोष्ट इतक्यांदा सांगायचात, की टोपलीला बूड होतं आणि बॉल काढायला शिडी लागायची, हे आम्हा पोरींना तोंडपाठ झालं होतं. कौतुक अमेरिकेचं, नियम मात्र तुमचा: पाचही जणींच्या हाताला बॉल लागल्याशिवाय बास्केटकडे बघायचं नाही. एकदा मी एकटीच पळत जाऊन बास्केट केली, तर तुम्ही ती मोजलीच नाही. वर सगळ्यांदेखत ओरडलात, "काय गं, बाकीच्या काय झाडाखाली उभ्या राहायला आल्यात?" आठवलं की अजून कान गरम होतात.

काल ऑलिंपिकची सेमीफायनल होती. अर्जेंटिनाची पोरं काय पास देत होती, बाबा, तुमच्याच हाताखाली शिकल्यासारखी! आणि आमचे हे मोठमोठे स्टार, जो तो आपलाच बॉल घेऊन पळतोय. "वा! अस्सा पास!" म्हणत मी टाळ्या पिटत बसले. शेजारी तुमची नात, इथे न्यू जर्सीतच जन्मलेली, अंगात यूएसएचा टीशर्ट. वळून बघते तर डोळे डबडबलेले. "आई, हूज साइड आर यू ऑन?" मॅच अर्धवट टाकून ती खोलीत गेली, जेवलीही नाही.

आत्ता ती ड्राइव्हवेवर आहे, गॅरेजवरच्या बास्केटखाली. मघापासून बॉलचा धप्‌ धप्‌ आवाज ऐकतेय. न राहवून खिडकीतून ओरडले, "अगं, नुसती बास्केट काय करतेस? पास द्यायला शीक!" अगदी तुमचाच आवाज निघाला तोंडातून. बॉल काखेत धरून तिने वर बघितलं. "टू हूम, आई? देअर्ज नोबडी हिअर."

खरंच की. तुमच्या ग्राउंडवर आणखी चार जणी तरी असायच्या. हे पत्र इथेच सोडते बाबा, खाली जाऊन तिच्यासमोर उभी राहते. फक्त एक सांगते, रागवा हवं तर. काल ती उठून गेल्यावर शेवटची मिनिटं मी हात जोडून बसले होते. म्हणत होते, कुणीतरी एकट्याने पळत जाऊन का होईना, पण बास्केट करा रे.